सात हिवाळ्यांची वाट

बुधवार, थुसिस

स्वित्झर्लंडमधल्या कूरहून लाल गाडीनं थुसिसला उतरलो आणि पोस्टाच्या पिवळ्या बसनं थेट व्हियामालाच्या तोंडाशी. व्हियामाला म्हणजे वाईट वाट. इथल्या रोमान्श भाषेतलं नाव. स्प्ल्युगेन आणि सान बेर्नार्दिनो या खिंडींकडे निघालेला माल आणि माणसं शतकानुशतकं याच घळीतून गेली. थुसिस, मासाइन आणि कात्सिस या गावांनी १४७३ मध्ये एकत्र येऊन ही वाट बांधून काढायचं ठरवलं, कारण वाहतुकीवरच गावांची पोटं चालायची. ते वाचताना मला नाणेघाट आठवला. तिथंही घाट फोडला तो मालासाठीच.

खाली उतरायला तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. दहा उतरल्या की गारवा लागतो, शंभर उतरल्या की अंगावर ओल येते आणि मग बोलणं ऐकू येईनासं होतं. तळाशी हिंटरऱ्हाइन, म्हणजे मागला ऱ्हाइन. सध्या बर्फ वितळतंय, त्यामुळे पाणी राखट हिरवं. दोन्ही भिंती काही ठिकाणी तीनशे मीटर उंच, आणि मधली फट काही ठिकाणी इतकी चिंचोळी की समोरच्या भिंतीवरचं शेवाळ नीट दिसतं.

खरी थांबले ते रांजणखळग्यांपाशी. आमचं माहेर पारनेर तालुक्यातलं. मळगंगेच्या जत्रेला निघोजला गेलो की आई आम्हाला कुकडीच्या पात्रातले रांजण दाखवायची. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरागरा फिरून कातळ कोरतात, ते तिनं मला सहाव्या वर्षी सांगितलं होतं. निघोजला रांजण पायाशी असतात, आत डोकावता येतं. इथं ते डोक्यावर आहेत, उभ्या भिंतीत, अर्धे कापलेले, आतून तुकतुकीत. नदी आधी तिथं वर होती. वाहता वाहता ती खाली उतरत गेली आणि रांजण मागं राहिले. धाकटा म्हणाला, "ताई, चल ना, बस जाईल." जाऊ दे म्हटलं. पुढची बस घेतली.

गुरुवार, त्सिलिस

आज थुसिस ते त्सिलिस पायी. पिवळ्या पाट्या जिथं तिथं आहेत, वाट चुकायची सोय नाही.

दोन पूल लक्षात राहिले. एक त्रावेर्सिनाचा. तो पूल म्हणजे लोंबता जिनाच आहे. दरीचा एक काठ दुसऱ्याहून २२ मीटर उंच, म्हणून पुलालाच पायऱ्या. इथला आधीचा पूल १९९९ मध्ये दरड कोसळून गेला, हा २००५ मध्ये झाला. मधोमध पोचल्यावर पाय थरथरायला लागले. धाकटा पुढून मागं आला आणि काही न बोलता माझ्या दोन पायऱ्या पुढं चालत राहिला. दुसरा सुरान्सुन्सचा, ४० मीटरचा. पोलादी पट्ट्या ताणून त्यांवर दगडी फरश्या ओळीनं बसवल्यात. दगड अंदेरचा, वरच्याच गावचा, हिरवट झाक असलेला. दोन्ही पूल कूरचे अभियंते युर्ग कोन्त्सेट यांचे. जमिनीवरच्या दगडी फरशीवर चालायची सवय असलेल्या मला ती हवेत टांगलेली पाहून फार बरं वाटलं. त्या माणसाला इथल्या दगडाबद्दल आदर आहे.

त्सिलिसच्या चर्चमध्ये लाकडी छतावर १५३ चित्रं आहेत, बाराव्या शतकातली. मान दुखू नये म्हणून हातात आरसा देतात. आरशात छत पाहत पाहत चालायचं. कडेच्या ओळीत अर्ध्या धडाची जनावरं, मागं माशाची शेपटी. यावर जास्त लिहीत नाही, पाय सुजलेत.

शुक्रवार, अंदेर

आज रोफलाची घळ. रस्त्याकडेला एक जुनं खाणावळीचं घर. आत शिरायचं, पैसे द्यायचे आणि मागच्या दारानं घळीत जायचं.

खाणावळ खिंडीच्या वाटेवरच्या प्रवाशांवर चालायची. १८८२ मध्ये गोटहार्ड या दुसऱ्या खिंडीखालचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि वाहतूक तिकडं वळली. त्या घरातला मुलगा, क्रिस्तियान पिचेन-मेल्खिओर, अमेरिकेत कामाला गेला. तिथं त्यानं नायगारा पाहिला, आणि तो पाहायला येणारी माणसं पाहिली. आपल्या घरामागंही धबधबा आहे, आवाज रोज येतो, पण पाहायला वाट नाही, हे त्याच्या मनात बसलं. परतल्यावर त्यानं वाट फोडायला घेतली. १९०७ ते १९१४, दर हिवाळ्यात, कारण तेव्हा नदीला पाणी कमी आणि घरात गिऱ्हाईक नाही. आठ हजार सुरुंग. प्रत्येक भोक हातानं पाडलेलं.

आत वाट कातळाच्या पोटातून जाते. एका बाजूला कठडा, खाली नदी, डोक्यावर दगड. वर सुफर्सला धरण आहे, नदीचं बरंचसं पाणी बोगद्यांतून वीजघरांकडे जातं. तरी आज आवाज असा होता की छातीत जाणवत होता. वाट शेवटी धबधब्याच्या मागं जाते. समोर पाण्याचा पडदा, उजेड त्यातून गाळून येतो. तिथून परतताना धाकट्यानं माझं मनगट धरलं आणि हात भिंतीवर टेकवला.

"ताई, बोटं फिरव. ओळखतेस?"

कातळात बोटभर रुंद, हातभर लांब पन्हळ होती. सुरुंगाच्या भोकाची अर्धी बाजू. उरलेली अर्धी उडालेल्या दगडाबरोबर गेलेली. आमच्या विहिरीत अशा किती होत्या! बहात्तरच्या दुष्काळानंतर आण्णांनी विहीर खोल न्यायला घेतली तेव्हा मी आठ वर्षांची होते. एकजण पहार धरून बसायचा, दुसरा घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार जराशी फिरवायची, नाहीतर ती अडकते. मधेच भोकात पाणी ओतायचं आणि दगडाचा पांढरा लगदा लांब पळीनं काढायचा. तो लगदा आण्णांच्या मिशीवर सुकलेला असायचा. वात पेटवायच्या आधी हाळी द्यायचे, आणि आई आम्हा दोघांना कवेत घेऊन गोठ्यात बसायची. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. मला वाटायचं, त्याला यातलं काहीच आठवत नाही.

मी ती पन्हळ वरपासून खालपर्यंत चाचपली. पाण्यानं गुळगुळीत होत आलीय, पण मधे मधे पहारेची धार लागते. एका भोकाला किती वेळ लागला असेल याचा मला अंदाज आहे. आमच्याकडं दोघं मिळून दिवसात दोन-तीन भोकं व्हायची. त्यामुळे आठ हजार हा आकडा वाचून मी पाटीपाशी उभीच राहिले. लोक मागून वाट मागत होते, मी सरकले, पण परत आले.

बाहेर आल्यावर सूप घेतलं. दोघंही फारसं बोललो नाही.

आत्ता दिवा मालवल्यावर पलीकडच्या खाटेवरून त्यानं विचारलं, "आपली विहीर किती परस खोल होती गं?"

"सात. खालचे दोन नुसता कातळ."

"आणि किती दिवस लागले?"

ते मला सांगता येईना. परत दिवा लावून हे लिहितेय. सकाळी आईला फोन करून विचारायचं. तिथं तेव्हा दुपार झालेली असेल, पण ती दुपारची झोपायच्या आधी करायला हवा.