बांबूच्या बेटातला श्यामा

वेंगुर्ल्यात दयाळ पक्षी शोधायला कुठे जावं लागत नाही. मे महिन्यात पहाटे पाचला तोच येऊन उठवतो. मुक्कामाच्या घरासमोर विजेच्या तारेवर बसून नर शेपटी उडवत अर्धा अर्धा तास गायचा. खाली खळ्यात आंब्याच्या पेट्या भरणारी माणसं मानही वर करत नव्हती.

त्याच्या भाऊबंदासाठी, श्यामा पक्ष्यासाठी, मात्र सिंधुदुर्गातलाच दोडामार्ग तालुका गाठावा लागला. दोघं एकाच घराण्यातले, शास्त्रीय नावात कोप्सिकस. फरक एवढाच की दयाळ चारचौघांत गातो आणि हा पडद्याआड. पहिल्या दिवशी मी आठ वाजता पोचलो. हाती घाम लागला. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तिल्लारीकडच्या एका व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, बांबूच्या बेटासमोर उभा राहिलो. बेटातून आधी दोन जाड, ओलसर सूर आले, मग लांबलचक आलाप. मध्येच दुसऱ्याच कुणा पाखराची नक्कल. दिसला तो क्षणभरच: काळं डोकं, तांबूस पोट, अंगापेक्षा लांब शेपटी. उडताना पाठीमागचा पांढरा डाग लखकन चमकला, बस्स.

धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत दोघंही ‘किमान चिंते’चे. पण या घराण्यातले जे समुद्रातल्या बेटांवर अडकले, त्यांचे हाल वाचले की आपल्या तारेवरच्या दयाळाकडे नीट बघावंसं वाटतं. हिंदी महासागरातल्या सेशेल्सचा दयाळ १९६५ च्या सुमारास फ्रिगेट नावाच्या एकाच बेटावर डझनभर उरला होता. जमिनीवर पाचोळ्यात चरणारा पक्षी, त्यात माणसांनी आणलेली मांजरं. आपला दयाळ एका वेळी चार-पाच अंडी घालतो, सेशेल्सचा एकच. १९९० पासून नेटाने मोहीम चालली, पक्षी इतर बेटांवर नेऊन सोडले आणि २००५ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचा काळा श्यामाही अडचणीतच. त्या बेटावरचं मूळचं जंगल जवळपास संपलंय. उरलासुरला तो झुडपांत नि बांबूत तग धरून आहे. आपल्या श्यामाला भीती पिंजऱ्याची. आग्नेय आशियात गाण्यासाठी त्याला इतका पकडतात की २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याला घालावं लागलं.

आता जाणाऱ्यांसाठी. एप्रिल-मे गाठा, हिवाळ्यात दोघंही फारसं गात नाहीत. सावंतवाडीहून एसटी आहे, पण पहाटेसाठी तिचा उपयोग नाही. दोडामार्गात मुक्काम करा आणि रिक्षावाल्याला रात्रीच सांगून ठेवा. जंगलाच्या कडेला शिरण्याआधी वाडीत हत्तींची चौकशी कराच. मी विचारलं तर उत्तर आलं, “काल वयल्या वाडीत होते, आज खंय ता म्हायत नाय.” त्यावर मी रस्ता सोडला नाही.

मोबाइलवर श्यामाचं गाणं वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावतो. भडक कपडे टाळा, एका जागी वीस मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा.

आणि उभंच राहा. पाचोळ्यात बसू नका, कारण या तालुक्यात गोचिडीतून माकडताप होतो. पँट मोज्यांत खोचा, परतल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. मी एवढं सगळं करून व्हाळाकाठच्या दगडावर फक्त पाच मिनिटं टेकलो होतो. रात्री उजव्या मोज्याच्या इलॅस्टिकमध्ये दोन गोचिडी निघाल्या.