सेविया: आधी जेवणाच्या वेळा ठरवा, मग बाकीचं

संध्याकाळचे सहा वाजले होते. स्पेनमधल्या सेविया शहरात, सान्ता क्रूझ भागातल्या एका गल्लीत आम्ही तिघं, तीन बॅगा आणि पोटात सकाळी म्युनिकच्या विमानतळावर खाल्लेलं सँडविच. पहिल्या बारमध्ये शिरलो तर मालकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत "ओचो इ मेदिया" म्हटलं. म्हणजे साडेआठ. दुसऱ्या ठिकाणी कॉफी देतो म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. शेवटी एका चौकात संत्र्याच्या झाडाखाली बाकावर बसलो आणि आईने पर्समधून मेथीच्या दशम्या काढल्या. जगातल्या नावाजलेल्या खाऊ शहरांपैकी एकात आमचं पहिलं जेवण हे असं झालं.

चूक सर्वस्वी माझी. अल्कासार या राजवाड्याची तिकिटं, हॉटेल, कोर्दोबाची आगगाडी, सगळं दोन महिने आधी ठरवलं होतं, पण गाव जेवतं कधी हे पाहिलंच नव्हतं. सेवियात दुपारचं जेवण दीड ते चार आणि रात्रीचं साडेआठच्या पुढे. मधल्या वेळेत बहुतेक स्वयंपाकघरं बंदच असतात. यामागे नुसता आळस नाही. स्पेनची घड्याळं १९४० पासून बर्लिनच्या वेळेवर चालतात, आणि सेविया तर लंडनच्याही पश्चिमेला आहे. त्यामुळे घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशोबाने जेमतेम बारा-साडेबारा झालेले असतात. त्यांचं पोट सूर्याचं ऐकतं, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तेच केलं आणि मग सगळं सुरळीत झालं.

आमचा बेत असा: मार्चचा दुसरा आठवडा, चार रात्री, मी, नवरा आणि सांगलीहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेली आई. आई शाकाहारी, केक-बिस्किटातलं अंडं चालतं, आणि गुडघे कुरकुरणारे. नवरा वेंगुर्ल्याचा, त्याला माशाशिवाय प्रवास म्हणजे शिक्षा. दोघांना एका टेबलावर खूश ठेवता आलं, यातच सेवियाचं कौतुक आलं.

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो, आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुंबईहून सेवियाला थेट विमान नाही. माद्रिदला उतरून वेगवान रेल्वेने येणं सगळ्यात सोपं, अडीच तास लागतात. हा मार्ग १९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सुरू झाला, आणि आता त्यावर एकाहून जास्त कंपन्यांच्या गाड्या धावतात, म्हणून तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. स्टेशनवर सामान मशीनमधून तपासतात. मुंबई लोकलच्या सवयीने धावत येऊन गाडी पकडता येणार नाही. विमानतळावरून गावात ईए नावाची बस येते. टॅक्सीचे दर ठरलेले असतात, त्यामुळे घासाघीस नाही.

राहण्याबद्दल एकच सांगते. सान्ता क्रूझ हा जुना ज्यू मोहल्ला फोटोत फार गोड दिसतो, पण तिथल्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, आणि दगडी फरसबंदीवर बॅगेची चाकं रडतात. आमच्या एका बॅगेचं चाक तिथेच निखळलं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नदीजवळच्या आरेनालमध्ये किंवा एन्कार्नासिओन चौकाच्या आसपास राहा. तिथून सगळं चालत होतं.

आता तिकिटं. आधी काढायलाच हवीत अशी दोनच, अल्कासार आणि कॅथेड्रल. अल्कासारच्या तिकिटावर वेळ आणि नाव दोन्ही असतं, आणि दारात ओळखपत्र बघतात. आमची वेळ साडेनऊची होती. दारात पोचल्यावर आई म्हणाली, "पासपोर्ट? तो तूच कपाटात ठेव म्हणालीस ना?" नवरा हॉटेलपर्यंत पळत गेला आणि पळत आला. सकाळची पहिली वेळ घ्या हा सल्ला सगळेच देतात आणि तो खराच आहे. साडेनऊला दार उघडताच आत गेलात तर अर्धा तास तरी तो महाल तुमचा असतो, अकरानंतर नुसते सेल्फीचे दांडे. तिकीट साधारण १५ युरोच्या आसपास. सोमवारी शेवटच्या तासाला नावापुरत्या पैशांत सोडतात, पण तासाभरात तो महाल उरकायचा म्हणजे पंगतीत वाढप्याला पळवण्यासारखं.

अल्कासारमध्ये सगळ्यात जास्त वेळ द्या तो पेद्रो पहिला याच्या महालाला. १३६० च्या दशकात या ख्रिस्ती राजाने मुसलमान कारागिरांकडून तो बांधून घेतला. ग्रानादाचे, तोलेदोचे कारागीर बोलावले आणि भिंतींवर अरबी अक्षरं कोरू दिली. या शैलीला मुदेहार म्हणतात. भिंतीचा खालचा भाग टाइल्सचा, वर गिलाव्यात कोरलेली जाळी, त्याच्याही वर लाकडी छत. आई एका टाइलपाशी बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "हे बघ, रेषा कुठे सुरू झाली ते सापडत नाही." खरंच, हिरवी पट्टी पांढरीच्या खालून जाते, काळीच्या वरून येते आणि परत स्वतःलाच भेटते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत होतं तसंच. बागेत मोर आहेत. आईला त्यांचं फार अप्रूप वाटलं नाही, पण जर्मन पर्यटक मोरांमागे धावत होते ते बघून ती हसली.

कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पाहता येत नाही, दुपारनंतरच. त्याच तिकिटात साल्वादोर चर्चही येतं. तेही बघा, तिथे गर्दी कमी असते. कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी चार राजदूत खांद्यावर घेऊन उभे आहेत. कास्तिया, लेओन, आरागॉन आणि नवारा या चार राज्यांचे ते चौघं. हाडं १८९८ मध्ये स्पेनच्या हातून क्यूबा गेल्यावर हवानाहून इथे आणली. कॅथेड्रललाच लागून असलेली गिराल्दा म्हणजे जुन्या मशिदीचा मिनार, बाराव्या शतकातला. गुडघेदुखीवाल्यांसाठी खूशखबर अशी की वर जायला पायऱ्या नाहीत, ३५ चढणी आहेत, म्हणे अजान देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावं म्हणून. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या आहेत. प्रत्येक चढणीला आकडा लिहिलाय. आई दर पाच आकड्यांना थांबत, खिडकीतून खाली बघत, वर पोचली. मी धापा टाकत होते, ती नव्हती.

समोरच इंडीजचा दफ्तरखाना आहे, प्रवेश फुकट. अमेरिकेशी होणारा स्पेनचा सगळा व्यापार दोन शतकं सेवियाच्या नदीबंदरातून चालला, त्याची कागदपत्रं इथे आहेत. बटाटा, टोमॅटो आणि मिरची अटलांटिक ओलांडून आली नसती तर आपला मिसळपाव कसला झाला असता! आपल्याकडे ही मंडळी पोर्तुगिजांबरोबर आली, आणि येताना शब्दही आले. बिलासाठी वेटरला खुणावलं तर त्याने विचारलं, "पागार?" आई दचकली. पागार म्हणजे पैसे देणे. आपला पगार त्याच कुळातला. मग आम्हाला नादच लागला: बिजागरीला तर तिथे चक्क बिसाग्रा.

आता मुख्य गोष्टीकडे येते, खाण्याकडे.

रीत अशी की एका ठिकाणी बसून पोटभर जेवायचं नाही. एकेका बारमध्ये दोन-तीन पदार्थ खायचे, एक ग्लास प्यायचं, पुढे सरकायचं. पदार्थ तीन मापांत मिळतो: तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी थाळी आणि रासिओन म्हणजे पूर्ण. काही ठिकाणी तापा फक्त काउंटरवर उभं राहिलं तरच मिळतो, टेबलावर बसलात की मोठी मापं. बाहेर उन्हात बसायचे जास्त पैसे लागू शकतात. एल रिंकोनसियो हा बार १६७० पासून चालू आहे. तिथे आजही हिशोब खडूने लाकडी काउंटरवरच लिहितात. आमच्यासमोर ६, ३.५, ४ असे आकडे उमटत गेले आणि पैसे दिल्यावर एका फडक्यात पुसले गेले. दार उघडताच जा, नाहीतर उभं राहायला जागा मिळत नाही.

शाकाहारी लोकांनी इथे "वेहेतारियानो" एवढंच म्हणून थांबू नये. भाजीत ट्यूना आणि सूपवर हॅम येतं, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने नि पेस्कादो", मी मांस आणि मासे खात नाही. सालमोरेहो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं थंड, दाट सूप. त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात, म्हणून "सिन हामोन" आधीच सांगायचं. आईचं खरं प्रेम जडलं ते एस्पिनाकास कोन गार्बान्सोसवर. पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं, लसूण, लाल पाप्रिका, आणि दाटपणासाठी तळलेला पाव वाटून. पहिल्या घासाला म्हणाली, "अगं, ही पालकाची पातळ भाजीच की. फक्त ताक घालायला विसरलेत." चार दिवसांत तिने ती पाच ठिकाणी खाल्ली, आणि तिच्या मते सगळ्यात चांगली नदीपलीकडच्या त्रियाना भागातल्या मंडईत एका लहानशा काउंटरवरची. दुसरा पदार्थ वांग्याचा: पिठात बुडवून तळलेले काप आणि वरून उसाचा काळा पाक. पाक कसला, काकवीच! वांग्याच्या कापांवर काकवी घालायचं आपल्याला कधी सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

नवऱ्याचं मात्र रोज लग्नघर. डुकराच्या गालाचं मऊ कालवण, व्हिस्की-लसणाच्या रसातलं मांस, तळलेले छोटे मासे. पण तो अडकला कासोन एन आदोबोवर. कासोन म्हणजे छोटा शार्क, आपली मोरी. व्हिनेगर, जिरं, ओरेगानो आणि पाप्रिकात मुरवून कुरकुरीत तळतात. मोरीचं मटण खाऊन वाढलेला माणूस तो, एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ गप्प बसला आणि मग वेंगुर्ल्याला फोन लावला. आईला म्हणजे त्याच्या आईला, रेसिपी सांगायला.

सकाळी टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. "मेदिया" म्हटलं की अर्धा पाव. रस्त्यातल्या झाडांची संत्री मात्र खाऊ नका. ती कडू जात आहे, मुरंब्यालाच चालते. नवऱ्याने खाली पडलेलं एक सोलून पाहिलं, त्याचा चेहरा माझ्या फोनमध्ये आहे.

सान लेआंद्रोच्या मठात येमास मिळतात, अंड्याच्या बलकाची मिठाई. मठातल्या नन बाहेर दिसत नाहीत. भिंतीत एक फिरता लाकडी कप्पा आहे. बेल वाजवली, आतून म्हातारा आवाज आला, "आवे मारिया पुरीसिमा." आम्ही बावरलो. मागच्या बाईंनी आमच्या वतीने उत्तर दिलं. कप्प्यात पैसे ठेवले, तो कुरकुरत फिरला, आणि परत आला तेव्हा त्यात खोकं आणि मोड होती. आई त्या कप्प्याला नमस्कार करून निघाली.

बाकीचं भराभर. प्लाझा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलं. प्रांताप्रांताची टाइल्सची बाकं आहेत, संध्याकाळच्या उन्हात जा. सेतास, म्हणजे कुत्र्याच्या छत्र्यांच्या आकाराचा प्रचंड लाकडी मांडव, मला तरी खालून बघणं पुरे वाटलं. फ्लामेंको छोट्या जागेत बघा, जेवणासकटचा कार्यक्रम टाळा, तिकीट आधी काढा आणि पुढची ओळ धरा. बाईच्या टाचा फळीवर पडतात तेव्हा थरथर आपल्या खुर्चीत येते. दाद द्यायची तर "ओले", आपल्या "क्या बात है"च्याच जागी. त्रियानाची मंडई सकाळी करा, रविवारी बहुतेक गाळे बंद. कोर्दोबा गाडीने पाऊण तासावर आहे, एका दिवसात होतं, आणि तिथल्या मशीद-कॅथेड्रलच्या खांबांच्या रानासाठी नक्की जा.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा येऊ नका. ईस्टरचा आठवडा आणि त्यानंतरची एप्रिलची जत्रा या काळात हॉटेलांचे दर अनेक पटींनी चढतात आणि रस्ते मिरवणुकांनी भरतात. ते बघायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

निघायच्या दिवशी सान्ता पाउलाच्या मठातून कडू संत्र्याच्या मुरंब्याची मोठी बरणी घेतली आणि घाईत केबिन बॅगेत टाकली. विमानतळावर तपासणीत ती बाहेर आली. मुरंबा म्हणजे त्यांच्या लेखी द्रवच, शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. मोठ्या बॅगा तोवर चेक इन झालेल्या. आई म्हणाली, टाकायची कशाला? मागे सरकून आम्ही रांगेबाहेरच्या बाकावर बसलो, तिने पर्समधून सकाळचा उरलेला पाव काढला, बरणी उघडली आणि चमच्याने जाड थर लावून आम्हा दोघांच्या हातात दिला. निम्मी बरणी संपली. उरलेली तिने जड मनाने डब्यात टाकली, झाकण मात्र घट्ट लावून.