प्लेनव्ह्यूचा पाय

'देअर विल बी ब्लड' (2007) हा चित्रपट म्हटलं की बहुतेकांना शेवटचा आरडाओरडा आठवतो. ती बोलिंगची गल्ली, तो मिल्कशेक, प्लेनव्ह्यू साकारणाऱ्या डॅनियल डे-लुइसचे तारवटलेले डोळे. मला आधी आठवतो तो त्याचा पाय.

गोष्ट 1898 सालापासून सुरू होते. डॅनियल प्लेनव्ह्यू चांदीच्या खाणीत एकटाच खपतोय. शिडीची पायरी मोडते, तो धाडकन तळाला आदळतो आणि पाय जायबंदी होतो. भानावर आल्यावर त्याचं लक्ष पायाकडे नसतं, दगडात चांदी दिसते का याकडे असतं. मग उताणा होऊन, हातांच्या जोरावर स्वतःला फरफटत तो उजाड माळ तुडवत निघतो. थेट पुढचा प्रसंग धातू पारखणाऱ्याच्या कचेरीतला. हा गडी तिथल्या जमिनीवर आडवा पडलाय, आणि पडल्यापडल्याच सही ठोकतो. पहिली जवळजवळ पंधरा मिनिटं संवाद म्हणावा असा नाहीच. पण या माणसाला पैसा हवाय की पाय, हे आपल्याला कळून चुकलेलं असतं.

त्यानंतरची तीसेक वर्षं तो लंगडतो. त्या लंगडण्यावर कोणी बोलत नाही, कॅमेराही मुद्दाम खाली वळत नाही. डे-लुइस मात्र ते एका क्षणालाही सोडत नाही. सौदा जमणार असला की चाल थोडी सावरते, दारू चढली की पाय ओढला जातो.

मी वर्षानुवर्षं विक्रीच्या धंद्यात आहे, त्यामुळे 1911 मधला गावकऱ्यांसमोरचा प्रसंग मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. आता तेलाच्या धंद्यात असलेला प्लेनव्ह्यू उभा राहतो, शेजारी लहानगा एच. डब्ल्यू. हा माझा मुलगा आणि माझा भागीदार, अशी ओळख करून देतो. आवाज संथ, घोटलेला, एकेक शब्द नाणं वाजवून ठेवावा तसा. (हा आवाज ऐकून अनेकांना दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनची आठवण झाली होती, आणि ते पटतंच.) बाकीचे दलाल आहेत, तेलाची विहीर मी स्वतः खणतो, हे त्याचं मुख्य भांडवल. पण खरी जात दिसते ती गावकरी आपसात भांडायला लागल्यावर. तो समजूत काढत बसत नाही, सरळ उठून चालायला लागतो. कच्चा विक्रेता अशा वेळी भाव उतरवतो. हा माणूस भांडकुदळ गिऱ्हाईक पुढे किती महाग पडेल याचा हिशेब दोन मिनिटांत करून मोकळा होतो.

आणि ते पोर? अनाथ बाळ त्याने सांभाळलं ते माया म्हणून की सौदे करताना शेजारी गोड चेहरा हवा म्हणून? डे-लुइस याचं उत्तर देत नाही, हीच त्याची कमाल. विहीर पेटते तेव्हा तो बहिऱ्या झालेल्या पोराला उचलून जिवाच्या आकांताने पळतो. ते धावणं खोटं नाही. पण पोराला ठेवून तो पुन्हा आगीकडे जातो. तेलाने काळ्या झालेल्या चेहऱ्यावर ज्वाळांचा उजेड, आणि नजरेत आनंद. पोर बरं आहे का विचारल्यावर नाही म्हणतो, आणि आगीकडेच बघत राहतो. त्या 'नाही'साठी त्याला ऑस्कर द्यायला हवं होतं. अर्थात मिळालंच, 2008 मध्ये.

बाप्तिस्म्याचा प्रसंग लोक अपमानाचा म्हणून बघतात. मला तो व्यवहाराचा वाटतो. तेल रेल्वेने पाठवलं तर भाड्यातच नफा जातो, म्हणून त्याला समुद्रापर्यंत स्वतःची पाइपलाइन हवी. वाटेत बॅन्डीची जमीन. बॅन्डीची अट एकच, तरुण धर्मोपदेशक एलायच्या चर्चमध्ये पापं कबूल कर. एलाय त्याच्या थोबाडीत मारतो, मुलाला टाकून दिल्याचं ओरडून कबूल करायला लावतो. ओरडता ओरडता एका क्षणी आवाज खरोखर फाटतो, नाटक करणाऱ्याच्याच घशात काहीतरी अडकतं. आणि उठताना तो पुटपुटतो काय, तर पाइपलाइन झाली! एवढ्या दोन गोष्टी काही सेकंदांच्या अंतराने एकाच चेहऱ्यावर.

1927 मधल्या शेवटाबद्दल माझं मत जरा कडू आहे. एलाय बॅन्डीच्या जमिनीतल्या तेलाचा सौदा घेऊन येतो, तेव्हा प्लेनव्ह्यू त्याला सांगतो की लांब नळीने तुझा मिल्कशेक मी कधीच पिऊन टाकलाय. या मिल्कशेकमागचा हिशेब अचूक आहे: त्या काळच्या अमेरिकी कायद्यात तेल ज्याच्या विहिरीतून वर येईल त्याचं. शेजारच्या जमिनीखालचं तेल वाहत तुमच्या विहिरीत आलं तर शेजाऱ्याने बोंब मारून उपयोग नाही. म्हणून बॅन्डीच्या जमिनीत आता काही उरलेलं नाही. प्रसंग चित्रित झाला तो ग्रेस्टोन मॅन्शनमध्ये. लॉस एंजेलिसमध्ये तेल शोधून गब्बर झालेल्या एडवर्ड डोहेनीने आपल्या मुलासाठी बांधलेला हा वाडा, आणि डोहेनीही आधी चांदीच्या मागे न्यू मेक्सिकोत भटकलेला. जागेची निवड चपखल. पण अभिनयाची पट्टी इथे इतकी वर जाते की मला प्लेनव्ह्यूऐवजी डे-लुइस दिसायला लागतो. मला वाटतं त्याला सावरतो तो पॉल डानो. तो एलाय आहे आणि त्याचा भाऊ पॉलही. घामेजलेला, हिशेब चुकल्याचं कळलेला त्याचा चेहरा समोर नसता तर तो प्रसंग नुसता तमाशा झाला असता. डानोला ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो.