गव्हाची कोठी आणि तळाची फळी

वडोदऱ्याच्या आमच्या घरातील स्वयंपाकघर आम्ही नव्याने करून घेतले. जुना ओटा फोडणे, ग्रॅनाइट, नळ, पाइपच्या गॅसची जोडणी ही कामे तीन आठवड्यांत उरकली आणि त्यांविषयी मला काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते एका फळीविषयी, कारण तिच्यापायी आमचे सात आठवडे गेले आणि तो राग अजून पुरता निवलेला नाही.

इकडच्या गुजराती घरांप्रमाणे आम्हीही वर्षाचा गहू उन्हाळ्यात एकदाच भरतो. येथला मण २० किलोंचा. आम्हाला चार मण लागतात. गहू निवडून, त्याला एरंडेल, म्हणजे येथले दिवेल, चोळून तो पत्र्याच्या कोठीत भरला जातो. कोठी सासूबाईंनी नव्या संसारात घेतलेली, १८ इंच व्यासाची आणि २८ इंच उंचीची. ओट्याखाली ती जेमतेम शिरते, पण झाकण उघडत नाही, म्हणून ओट्याच्या टोकाला तिच्यासाठी उंच कपाट करायचे ठरले. माझी मागणी एवढीच होती, की त्या कपाटाला तळाची फळी नसावी आणि कोठी थेट फरशीवर उभी राहावी.

कपाटे बनवणाऱ्या कारखान्याकडून आलेल्या पहिल्या नकाशात त्या जागी जाळीच्या पाच ट्रॉल्या होत्या. दुसऱ्या नकाशात एक खोल ड्रॉवर होता, तोही ४५ किलोंचा भार पेलणाऱ्या चॅनलवर, म्हणजे ड्रॉवर सरकण्याच्या पट्ट्यांवर. ८० किलो गहू त्यात कसा राहणार, हे विचारल्यावर समोरच्या गृहस्थांनी ‘थोडा थोडा भरा’ असा सल्ला दिला. तिसऱ्या नकाशात कोठी आली, पण तिच्याखाली १८ मिलिमीटरची फळी आणि फळीखाली ४ इंची पाय होते. म्हणजे कोठीचे तोंड जवळजवळ ३३ इंचांवर गेले. सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच. वैशाखात कोठी गळ्यापर्यंत भरलेली असते तेव्हा काहीच अडत नाही. माघ-फाल्गुनात गहू तळाशी जातो आणि मापटे घेऊन वाकावे लागते, तेव्हा ते पावणेपाच इंच कोठून आणायचे? शिवाय नवा गहू भरण्यापूर्वी कोठी ओढून बाहेर काढावी लागते, धुवावी लागते, उन्हात ठेवावी लागते. हे सर्व मी तीनदा समजावून सांगितले. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, की तळ नसलेले कपाट कॉम्प्युटर घेतच नाही.

अखेर अंतिम मान्यतेचा कागद समोर आला. त्यावर सही झाल्याशिवाय प्लाय कापला जाणार नव्हता आणि सहीनंतरच्या बदलाचे पैसे वेगळे पडणार होते. मी सहीशेजारी पेनाने ‘खालची फळी नको’ असे ठळक लिहिले. पुढे कळले की मशीनवर फक्त नकाशा जातो, तो कागद फाइलीत राहतो. त्यातच दिवाळी आली. धनत्रयोदशीच्या आधीच कामगार गावी गेले आणि फोनवर ‘लाभपाचम पछी थई जशे’, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीनंतर होऊन जाईल, एवढेच ऐकू येऊ लागले. लाभपाचम होऊन गेली, देवदिवाळीही होऊन गेली. तोवर कोठी दिवाणखान्यात चादर पांघरून उभी होती आणि पाहुणे तिच्यावर फराळाच्या बशा ठेवत होते. कपाट आले ते फळीसकटच.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या सुतारांना बोलावले. त्यांनी फळी कापून काढली, बाजूच्या फळ्यांना खाली ७१० क्रमांकाच्या वॉटरप्रूफ प्लायचे तुकडे जोडून त्या फरशीपर्यंत नेल्या आणि मागून दोन एल-पट्ट्यांनी कपाट भिंतीला पक्के केले. हे काम दुपारच्या चहापर्यंत आटोपले. कोठी आत सरकवून सासूबाईंनी झाकण दोनदा उघडून पाहिले आणि त्या काही न बोलता चहा ठेवायला गेल्या. मला तेवढे पुरले.

या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. २४ इंची कपाटात २४ इंचांची टोपली बसत नाही. दोन्ही बाजूंचा प्लाय ३६ मिलिमीटर आणि दोन्ही चॅनलची जागा साधारण २६ मिलिमीटर खाते. म्हणजे अडीच इंच गेले आणि २१ इंची टोपली घ्यावी लागते. कुकरचे माप झाकणासकट घ्यावे. आमचा कुकर ८ इंच उंचीच्या टोपलीत शिटी काढल्याखेरीज जात नाही आणि हा दोष माझाच. १५ किलोंचा तेलाचा डबा जवळपास १४ इंच उंच असतो, त्याची जागा आधीच धरावी, नाहीतर तो कायमचा दाराआड उभा राहतो. पोळपाटासाठी मी ओट्याखाली चार इंचांची उभी फट ठेवून घेतली आहे आणि साऱ्या स्वयंपाकघरात तिचाच मला सर्वांत जास्त अभिमान आहे. आणि हो, नकाशा काढवण्यापूर्वी घरातील सर्वांत ठेंगण्या माणसाला भिंतीशी उभे करून हात कोठवर पोहोचतो ती खूण पेन्सिलीने करून ठेवावी. मी ती तिसऱ्या नकाशानंतर केली.

कापून काढलेल्या फळीचे पैसे बिलात धरलेलेच होते, म्हणून ती मी टाकू दिली नाही. ती गॅलरीत दोन विटांवर ठेवली आहे आणि सध्या तिच्यावर छुंद्याच्या बरण्या उन्हात आहेत.