टी.सी. बरोबर, धातू वेगळा

आमच्या कारखान्यात त्या उन्हाळ्यात जो ब्रॅकेट चालू होता, तो एका लष्करी प्रशिक्षण विमानाचा होता. विमानाने चाके पोटात घेतल्यावर त्यांच्यावर जे झाकण बसते, त्याची बिजागरी या ब्रॅकेटमध्ये फिरते. वस्तू तळहातावर मावेल एवढी, पण तिच्या ड्रॉइंगवरच्या टिपा वाचायला सकाळ पुरत नाही. बडोद्याच्या मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीतील या कारखान्याचा गुणवत्ता विभाग मी सांभाळते, आणि पहिल्या तुकडीची ‘फर्स्ट आर्टिकल’ तपासणी ग्राहकाच्या प्रतिनिधीसमोर ज्या दिवशी व्हायची होती, त्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे. कराराच्या अटींमुळे विमानाचे आणि ग्राहकाचे नाव देता येत नाही.

पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करण्यात ज्याची उमेद गेली, अशा कारखान्याच्या दारात विमानाचे काम आले, ते प्रशिक्षण विमानांच्या बाजाराच्या वाढीमुळेच आले. अमेरिकी वायुदलात १९६१ पासून सेवेत असलेल्या टी-३८ विमानाची जागा घेण्यासाठी ३५१ टी-७ए विमानांचा करार बोइंग कंपनीला २०१८ मध्ये मिळाला. इटलीचे एम-३४६ आणि दक्षिण कोरियाचे टी-५० यांनी आपापल्या देशांबाहेर गिऱ्हाईक मिळवले, आणि तुर्कस्तानचे हुरजेट २०२३ मध्ये प्रथम उडाले. एफ-३५ सारख्या लढाऊ विमानाला दोन आसनांची आवृत्तीच नाही. त्यामुळे शिक्षकाने मागे बसून जे शिकवायचे, ते सगळे त्याआधीच्या प्रशिक्षण विमानातच शिकवून संपवावे लागते, आणि म्हणून आजच्या प्रगत प्रशिक्षण विमानात खरे रडार नसले तरी पडद्यावर रडारचे आणि शत्रूच्या विमानाचे चित्र उभे करण्याची सोय असते. शिवाय त्याच सांगाड्याचे हलके लढाऊ विमानही होते. पोलंडने २०२२ मध्ये ४८ एफए-५० मागवली, ती टी-५० चीच भावंडे. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सला ७० एचटीटी-४० प्रशिक्षण विमानांचे सुमारे ६,८०० कोटी रुपयांचे काम मार्च २०२३ मध्ये मिळाले. अशा करारांतले काम मुख्य उत्पादकाकडून पुरवठादाराकडे आणि त्याच्याकडून पुढच्या पुरवठादाराकडे झिरपत येते, आणि शेवटी कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीत एखाद्या पाच अक्षांच्या मशिनवर चढते. हरणीच्या विमानतळाजवळ सी-२९५ चा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून बडोद्यात विमान म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच मालवाहू विमान येते. माझ्या टेबलावर मात्र चौकशा अधिक येतात त्या प्रशिक्षण विमानांच्या.

आमच्याकडे सल्लागार म्हणून एक काका येतात. वायुदलात एअरफ्रेम फिटर म्हणून त्यांची उमेदीची वर्षे हकीमपेटला किरण विमानांवर गेली. कामगारांना ते एकच गोष्ट परत परत सांगतात, आणि मला ती कधीच जुनी वाटली नाही. लढाऊ विमान उतरवणारा माणूस शिकलेला असतो. प्रशिक्षण विमान उतरवणारा अजून शिकत असतो. तो विमान टेकवतो, पुन्हा उचलतो, फेरी मारतो, पुन्हा टेकवतो, आणि त्याच्यानंतर त्याच विमानात दुसरा मुलगा किंवा मुलगी बसते. एखादे उतरणे जोराचे झाले की विमान जॅकवर घेऊन चाकांची सगळी जोडणी तपासायची, हे काम काकांनी इतके केले आहे की ब्रॅकेट हातात घेतला की त्यांचा अंगठा आपोआप त्याच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर जातो. तडा तिथूनच निघतो, असे ते म्हणतात. शिकाऊ वैमानिकांची पहिली पायरी असलेल्या एचपीटी-३२ विमानांचे उड्डाण २००९ मध्ये थांबवले गेले, तेव्हा ज्यांनी अजून काहीच उडवलेले नव्हते त्या मुलांना थेट किरण जेटवर बसवावे लागले, आणि ही ओढाताण स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने २०१३ मध्ये दाखल होईपर्यंत चालली. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे १९८२ च्या समितीने सांगून ठेवले होते. ब्रिटनच्या हॉक या अशा विमानाचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या काळात नवखी मुले मिग-२१ वर गेली. काका हे सांगताना आवाज चढवत नाहीत, पण त्यानंतर कोणी ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणत नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सगळे ब्रॅकेट सी.एम.एम. या मापे घेणाऱ्या यंत्रावरून उतरले होते. मापे उत्तम होती; बिजागरीच्या भोकाचा व्यास आणि त्याचा अक्ष दोन्ही टॉलरन्सच्या, म्हणजे चालेल एवढ्या फरकाच्या, मध्यावर. प्लेटची टी.सी., म्हणजे धातूचे चाचणी प्रमाणपत्र, फाइलमध्ये लागलेली होती: मिश्रधातू ७०७५, टेंपर (तापवून आणलेली अवस्था) टी७३५१, हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतणीचा क्रमांक, स्पष्ट. सकाळी लवकर येऊन मी कागद पुन्हा एकदा लावत असताना कठीणपणाच्या तक्त्यावर माझी नजर अडकली. आमच्या तपासणी पत्रकात फक्त किमान मर्यादा दिलेली असते, रॉकवेल बी मापावर ७८, आणि सगळे नग तिच्या वर होते. पण आकडे एकसारखे पसरलेले नव्हते. बहुतेक नग ८२-८३ वर आणि थोडे ८८ वर, मधे कोणीच नाही. एकाच प्लेटमधून कापलेले तुकडे असे दोन गटांत विभागले जात नाहीत.

याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे धातुशास्त्र सांगावे लागेल. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये उभारलेल्या कलाभवनात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र शाखेत, मी जे शिकले त्यातला हा भाग मला विशेष आवडत असे. ७०७५ हा जस्त आणि मॅग्नेशियम मिसळलेला अ‍ॅल्युमिनियम. भट्टीत ठरावीक काळ ठेवला की तो सर्वाधिक मजबूत होतो. त्या अवस्थेला टी६ म्हणतात. त्याच्या पुढेही तापवत राहिले तर मजबुती थोडी उतरते आणि टी७३ ही अवस्था येते; आमच्या प्लेटचा टी७३५१ हा तिचाच प्रकार. मग कमी मजबूत धातू कशासाठी घ्यायचा? कारण टी६ मध्ये ताण आणि दमट, खारट हवा एकत्र आली की धातूच्या कणांच्या सीमांवरून हळूहळू तडा चालू लागतो, बाहेरून काहीही न दिसता. आमच्या ब्रॅकेटच्या भोकात पोलादी बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, दाबून बसवला जातो, म्हणजे विमान हँगरमध्ये नुसते उभे असले तरी त्या भोकाभोवतीचा धातू अष्टौप्रहर ताणलेला असतो. नौदलाचे वैमानिकही प्रशिक्षण विमानांवर शिकतात आणि त्यांचे तळ समुद्राकाठी असतात. टी७३ या रोगाला फारसा बळी पडत नाही. म्हणून या भागात जास्त कडक निघालेला नग हा जास्त चांगला नग नसतो.

दोन अवस्थांमधला फरक विद्युतवाहकता मोजली की कळतो. टी७३ मध्ये जस्त आणि मॅग्नेशियम धातूच्या जाळीतून बाहेर पडून कणांच्या रूपात गोळा झालेले असतात, त्यामुळे विजेला वाट मोकळी मिळते. शुद्ध तांब्याच्या तुलनेत टी७३ चा आकडा ३८ ते ४३ टक्के येतो आणि टी६ चा साधारण ३० ते ३६. ग्राहकाच्या पत्रकाप्रमाणे ही चाचणी तुकडीतल्या एकाच नगावर करायची होती. ती झालेली होती, आकडा ४०.१.

मी सगळे नग वातानुकूलित खोलीत प्रमाण-ठोकळ्यांशेजारी, म्हणजे ज्यांची वाहकता आधीच ठाऊक आहे अशा ठोकळ्यांशेजारी, मांडले. बडोद्याच्या मे महिन्यात शेडमधून आणलेला धातू लगेच मोजला तर आकडा खोटा येतो, म्हणून नग आणि ठोकळे एकाच तापमानाला येईपर्यंत थांबावे लागले. मग प्रोब टेकवत गेले. ३९.८. ४०.३. ४०.०. ३२.६. ठोकळ्यांवर मीटर पुन्हा तपासला आणि तोच नग पुन्हा मोजला: ३२.५. कठीणपणात ८८ दाखवणारा प्रत्येक नग इथे ३३ च्या खाली होता.

काकांना घेऊन मी स्टोअरमध्ये गेले. न वापरलेले काही तुकडे रॅकवर होते आणि प्रत्येकावर पुरवठादाराने मार्करने हीट नंबर लिहिलेला होता. धातूची प्लेट बनवणाऱ्या गिरणीची, टेंपर सांगणारी छापील ओळ पूर्ण प्लेटवर ओळीने उमटवलेली असते. तुकडे कापले की ती कुठे अर्धी राहते, कुठे राहतच नाही. काकांनी एक तुकडा उजेडात तिरपा धरला. मार्करच्या अक्षरांखाली, अगदी कडेला, फिकट निळ्या शाईत ‘टी६५’ एवढेच उरलेले होते, म्हणजे टी६ च्याच टी६५१ या प्रकाराची सुरुवात. त्याच जाडीची दुसऱ्या टेंपरची प्लेट कापणीत मिसळली होती आणि सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर चढला होता.

“पोरी, आता साहेबांना सांग, आणि तो ग्राहकाचा पुण्याचा माणूस यायच्या आत सांग,” काका म्हणाले.

आमचे मालक सरळ माणूस आहेत, पण मशिनचे हप्ते त्यांनाच भरायचे असतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, टी६ ला पुढे तापवलं की टी७३ होतं ना? मग भट्टीत घालून घेऊ या की.” प्रश्न वावगा नव्हता, धातुशास्त्राच्या दृष्टीने ते शक्यही आहे. मी त्यांना सांगितले की तयार झालेला नग भट्टीत घातला तर भोकाची मापे हलतील, उष्णतेची प्रक्रिया करण्याची मान्यता आपल्याकडे नाही, आणि ज्या ड्रॉइंगवर माल टी७३५१ अवस्थेतच विकत घ्यायचा असे लिहिले आहे, तिथे डिझायनरच्या लेखी परवानगीशिवाय आपण भट्टीचे दारही उघडू शकत नाही. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगले नग वेगळे काढून तेवढेच दाखवायचे का?” मी म्हणाले, “दाखवू, पण वाईट नगांसह. कारण या पुरवठादाराचा माल आणखी कोणाकडे गेला असेल, ते आपल्याला माहीत नाही.” त्यांनी मान हलवली आणि वाईट नगांवर खूण करायला स्वतः लाल रंगाचा डबा आणायला गेले.

ग्राहकाचे प्रतिनिधी दुपारी पोचले. चहा घेण्याआधीच मी त्यांच्यासमोर दोन ट्रे ठेवले आणि सकाळपासूनचे सगळे आकडे दिले. त्यांनी कौतुक केले नाही, रागही केला नाही. मीटरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागितले, प्रोब हातात घेऊन प्रत्येक नग स्वतः मोजला, स्टोअरमधल्या त्या निळ्या शाईचा फोटो काढला आणि बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिले. परत आल्यावर म्हणाले, “मॅडम, हा पुरवठादार आमच्या मान्य यादीतला आहे. आज रात्रीच सगळ्यांना पत्र जाईल.” यादी त्यांची आणि निवड त्यांची, त्यामुळे हे वाक्य त्यांना सोपे गेले नसणार, माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे तो या वाक्यामुळे.

३३ च्या खालचे नग त्यांच्यासमोर करवतीने दोन तुकडे करून भंगारात टाकले. ऑपरेटरने त्या भोकांवर मायक्रॉनसाठी जीव टाकला होता, आणि तो करवतीजवळ आला नाही. चांगले नगही ग्राहकाने त्या तुकडीतून स्वीकारले नाहीत, कारण हीट नंबरची साखळी एकदा तुटली की कोणता तुकडा कोणत्या प्लेटचा हे कागदावर सिद्ध होत नाही. हा निर्णय मला त्या क्षणी कठोर वाटला, तरी तो योग्यच होता.

पुरवठादाराने चौकशीनंतर कापणीतली सरमिसळ लेखी मान्य केली आणि मालाची किंमत परत दिली; मशिनचे तास कोणी परत देत नाही. नव्या प्लेटमधून केलेल्या तुकडीची तपासणी पावसाळ्यात पार पडली. उशिरामुळे डाव्या बाजूच्या ब्रॅकेटचे काम दुसऱ्या कारखान्याकडे गेले आणि ते अजून आमच्याकडे आलेले नाही. ग्राहकाने विद्युतवाहकतेची चाचणी प्रत्येक नगावर बंधनकारक केली आहे, त्या दुसऱ्या कारखान्यासाठीही. आम्ही आता कापलेले तुकडे घेत नाही. छापील ओळ शाबूत असलेली पूर्ण प्लेट मागवतो, तिचा फोटो फाइलला लावतो आणि कापणी आमच्याच आवारात करतो. त्याने खर्च वाढला आहे. आणखी एका प्रशिक्षण विमानाच्या भागांसाठी नुकतेच दरपत्रक पाठवले, त्यात हा खर्च मी वेगळ्या ओळीत दाखवला आहे आणि साहेबांनी तो खोडलेला नाही.