दुसरी बाटली

"बाय, शेजारच्या माणसाक चार बाटल्यो झाल्यो. आमच्या ह्यांका सकाळपासून एकच. ह्यां असां कित्याक?"

मी आयसीयूतली नर्स. दारात काकी उभ्या होत्या. एका हातात चपला, दुसऱ्या हातात निथळणारी छत्री. त्यांचे यजमान वेंगुर्ल्याकडचे खलाशी. जून-जुलै मासेमारीची बंदी, होडी शाकारून ठेवलेली, म्हणून ऑपरेशन याच दिवसांत उरकायचं ठरलं. जुन्या टीबीनं उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा भाग, निकामी केला होता आणि खोकल्यातून रक्त पडायचं. तो लोब काढला. वजन 52 किलो.

शेजारचा पेशंट गॅस्ट्रोचा. जुलाबांनी सुकून आलेला, त्याला पाणी हवंच होतं. पण आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. हे सांगितलं की लोकांना मी सलाईन वाचवतेय असं वाटतं.

काकींना मी पन्हळीचं उदाहरण दिलं. पावसाळ्यात घराच्या काही पन्हळी काढल्या तर पाऊस काही कमी पडत नाही. तेवढंच पाणी उरलेल्या पन्हळींतून जातं आणि भिंतीत मुरतं. फुफ्फुसाचा भाग काढला तरी हृदय रक्त तेवढंच पाठवतं. त्यात ऑपरेशनच्या वेळी ती बाजू मिटवून ठेवलेली असते, नंतर पुन्हा फुगवलेली, हाताळलेली. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. फुफ्फुसाजवळच्या लसिकागाठी काढताना पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्याही तुटतात. वरून बाटल्या सोडल्या की पाणी फुफ्फुसात उतरतं. अख्खं फुफ्फुस काढलेल्यांत हे कसं होतं, त्यावर झेल्डिन नावाच्या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्येच लिहिलं. उजवीकडचं काढलेल्यांना धोका जास्त. पुढे कळलं की सगळा दोष पाण्याचा नसतो, व्हेंटिलेटरचा दाबही नडतो. पण पाणी आपल्या हातात असतं.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी लिहून दिलं होतं: आरएल (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचं सलाईन) तासाला 60 मिली, पहिल्या 24 तासांत बॅलन्स, म्हणजे आत गेलेलं पाणी वजा बाहेर आलेलं, किलोमागे 20 मिलीच्या वर प्लस जाऊ द्यायचा नाही. म्हणजे 1040. मायक्रो सेटला, म्हणजे बारीक थेंबांच्या सलाईनच्या नळीला, एका मिलीचे 60 थेंब, म्हणून तासाला 60 म्हणजे सेकंदाला एक. लाईट गेली, पंप रुसला, तरी घड्याळ समोर धरून लावता येतं. पावसाळ्यात हे फार कामाचं आहे.

खरी चोरी छोट्या बाटल्यांत असते. पॅरासिटामॉलची 100 ची बाटली चार वेळा, अँटिबायोटिक 100 मध्ये तीन वेळा. झाले की 700! त्यांना कोणी सलाईन म्हणत नाही, म्हणून इनटेकच्या रकान्यात त्या हमखास राहतात. मी नव्या मुलामुलींना आधी तो रकाना दाखवते.

हे मी शहाणी म्हणून सांगत नाही. 2009 साली मुंबईत नवीन होते. असाच पेशंट, रात्री दोन तास लघवी 20-20 मिली. रेसिडेंटना फोन केला, ते म्हणाले 500 दे. दिले. पहाटे पुन्हा 500. चार्टवर बॅलन्स 1900 प्लस होता, तो मी फोनवर वाचून दाखवला नाही, त्यांनी विचारला नाही. सहा वाजता पेशंट उठून बसला, छातीत बुडबुड, सॅच्युरेशन 86. तीन दिवस मास्कवर गेले. वाचला. पण तो आवाज अजून कानात आहे.

काकी दारात उभ्या होत्या त्या दिवशी रात्री काकांचीही लघवी तासाला 22, मग 20 झाली. नव्या ब्रदरचा हात सलाईनचा वेग वाढवायच्या रोलरवर गेला. म्हटलं, थांब, आधी माणूस बघ. हातपाय गरम, बोलणं शुद्धीत, लॅक्टेट (शरीराला रक्त पुरतंय का ते सांगणारी तपासणी) ठीक, छातीतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या बाटलीत तासाभरात जेमतेम 30 मिली. ऑपरेशननंतर शरीर स्वतःच पाणी धरून ठेवतं. ड्रेनमध्ये रक्ताची धार असती तर मीच पहिला फोन केला असता. आणि माणूस पार कोरडा ठेवला तरी किडनी बसते, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, सकाळी पाठवायचंच होतं.

दोनला बीपी 84 वर आलं. मॅडमना फोन केला, यावेळी आधी बॅलन्स वाचून दाखवला: 610 प्लस. एपिड्युरलनं, म्हणजे दुखू नये म्हणून पाठीतून दिलेल्या औषधानं, रक्तवाहिन्या सैलावतात. पाणी तेवढंच असतं, भांडं मोठं होतं. त्यांनी रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअॅड्रिनॅलिन अगदी थोडं, सिरिंज पंपावर सुरू करायला सांगितलं. वीस मिनिटांत 104. बाटली होती तशीच, सेकंदाला एक थेंब.

सकाळी क्रिएटिनिन 0.9, म्हणजे ठीक, आलं. राउंडला सलाईन बंद करून तोंडानं द्यायला सांगितलं. काकी डब्यातून पेज घेऊन आल्या, वर मिठाचा खडा आणि कैरीच्या लोणच्याचा खार. काकांनी दोन वाट्या संपवल्या. मी वाटी मापून 300 लिहिले.

"ह्यां पण लिवतलंस?" काकी चार्टमध्ये डोकावल्या.

"हो. आणि चहाही सांगून द्यायचा हां, काकी. लपवून नाही."

त्यांनी पिशवीतला थर्मास गुपचूप टेबलावर ठेवला.