तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजी करून पुढे काय?

निकालाच्या आठवड्यात सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी थांबवतंच. "आमच्या मुलीनं बी. ए.ला सायकॉलॉजी घेतलंय. पुढे काय हो?" मी पुण्यातल्या एका शाळेत समुपदेशक आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

आधी अवघड भाग सांगते. नुसत्या बी. ए.वर उपचार करता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर १९९२च्या कायद्यानुसार आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते. ती मिळते मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली पुरा केल्यावर. जागा मोजक्याच असतात. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून एखाद्या मुलीनं पाटी लावली की मला खरंच भीती वाटते. समोरच्यानं "जगावंसं वाटत नाही" म्हटलं, तर ती मुलगी काय करणार?

देखरेख म्हणजे काय, हे मला पहिल्या वर्षी कळलं. नववीतला एक मुलगा, वर्गात लक्ष नाही अशी तक्रार. मी बुद्धिमापन चाचणी घेतली, गुण काढले, नीटनेटका अहवाल लिहिला. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?" मी ते विचारलंच नव्हतं. आई दोन महिने दवाखान्यात होती; धाकट्या बहिणीचा डबा हाच करून शाळेत यायचा. अहवाल मी फाडला आणि त्याच्याशी पुन्हा बोलायला बसले.

क्लिनिकल नको असेल तरी वाटा आहेत. चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांत एचआर, यूएक्स रिसर्च (लोक एखादं अ‍ॅप किंवा वेबसाइट कसं वापरतात याचा अभ्यास), शाळांत समुपदेशन, बी. एड. करून विशेष शिक्षण, मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतलं काम. चाचण्यांची आवड असेल तर कलमापन, म्हणजे मुलाचा कल कुठे आहे ते चाचण्यांतून पाहणं. १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था सुरू करणारे आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. यातल्या कंपन्यांच्या आणि चाचण्यांच्या कामाला संख्याशास्त्र लागतं, आणि मुली नेमका तोच पेपर कसाबसा ढकलतात. त्याची शिकवणी लावावी लागली तर लावा.

पगार? शाळेत सुरुवातीला कमी. कंपनीत बरा.

एम. ए.ची शाखा मात्र लगेच ठरवू नका. आधी सहा महिने तिला माणसांत काम करू द्या. वृद्धाश्रम चालेल, विशेष मुलांची शाळा चालेल. शनिवारी दुपारी मी शाळेत असते. तिला एकटीलाच पाठवा.